फार्मासिस्टचे काम मोजायचे कसे?



आपले रुग्णालय पाहायला येणारे हितचिंतक औषध विभागापाशी आले की हमखास एक प्रश्न विचारतात. औषध डॉक्टर लिहून देतात, वॉर्डात सिस्टर देतात, मग खाटांमधून फिरणारा वेगळा फार्मासिस्ट कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचे क्लिनिकल फार्मासिस्टचे पद देणगीवर चालते. त्याची मुदत या आर्थिक वर्षाअखेर संपते. पद पुढे ठेवायचे की नाही हे ठरवण्याआधी कार्यकारिणीने औषध विभागाची प्रमुख म्हणून माझ्याकडे एकच मागणी केली आहे: या कामाचा उपयोग होतो, हे मोजून दाखवा. असे मोजण्यासाठी कोणती साधने वापरतात, त्यांतली कोणती आपल्यासारख्या ठिकाणी उपयोगी पडतात आणि कोणती फसवतात, ते या लेखात सांगते.

हे काम नेमके काय?

खिडकीमागचा फार्मासिस्ट आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. चिठ्ठी घ्यायची, औषध काढायचे, मोजून द्यायचे, नोंद करायची. क्लिनिकल फार्मासिस्ट खिडकीमागून उठून खाटेपाशी जातो. रुग्ण घरी आधी काय घेत होता ते विचारतो. त्यात सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या, बाजाराच्या दिवशी घेतलेले इंजेक्शन आणि भगताने दिलेली मुळी, सगळे आले. मग केसपेपर वाचतो. मुलाच्या वजनाप्रमाणे डोस बरोबर आहे का, मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करायला हवा का, एका औषधामुळे दुसऱ्याचा गुण कमी-जास्त होतो का, हे तपासतो. शंका आली तर डॉक्टरांशी बोलतो. आणि रुग्ण घरी निघताना कोणती गोळी केव्हा आणि किती दिवस घ्यायची, हे त्याला कळेपर्यंत सांगतो.

आपल्या भागात याची गरज कुठे पडते? क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृताला असे चालवते की इतर अनेक औषधे शरीरातून लवकर निघून जातात. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, आणि मिरगीच्या काही औषधांचा परिणाम उतरतो. व्हायवॅक्स मलेरियात १४ दिवस प्रायमाक्विन देतात. पण ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात, आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी येतात, पण ठरावीक काळाने रक्त तपासावेच लागते आणि गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे लागते. डॉक्टरांना हे ठाऊक असते. पण एका सकाळी ओपीडीत रांग लागलेली असताना प्रत्येक केसपेपरवर ते दुसऱ्यांदा कोणी पाहिले, तर रुग्ण वाचतो.

आपल्या देशात फार्मसीचा कायदा १९४८ चा आहे, पण खाटेपाशी काम करण्याचे रीतसर शिक्षण देणारा फार्म-डी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले. त्यामागचा विचार आणखी जुना आहे. १९९० मध्ये हेप्लर आणि स्ट्रँड या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मांडले की फार्मासिस्टची जबाबदारी औषध हातात देऊन संपत नाही. त्या औषधाने रुग्णाला गुण आला का, यातही त्याची जबाबदारी आहे. जबाबदारी आली म्हणजे तिचा हिशेबही आला.

चिठ्ठ्या मोजण्याचा मोह

सर्वांत सोपा हिशेब म्हणजे दिवसाला किती चिठ्ठ्या निघाल्या. मी पूर्वी एका ठिकाणी नोकरी करत होते, तिथे हाच हिशेब होता. माझी एक सहकारी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला बसवून घ्यायची, पिशवीतल्या जुन्या गोळ्या बाहेर काढायला लावायची. त्यात एकाच औषधाची दोन नावांची पाकिटे सापडायची, आणि रुग्ण दोन्ही घेत असायचा. महिन्याच्या अखेरीस तिचा आकडा सर्वांत कमी भरायचा. दोन वर्षांत ती नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेल्याचा आकडा चांगला होता.

अडचण अशी आहे की या कामात जे चांगले घडते, ते बहुधा "काहीतरी घडले नाही" या रूपात असते. चुकीचा डोस दिला गेला नाही, म्हणून मूल दगावले नाही. जे घडलेच नाही ते रजिस्टरमध्ये कसे लिहायचे?

दुसरा मोह म्हणजे थेट शेवटाला हात घालायचा: मृत्यू किती कमी झाले, रुग्ण किती दिवस आधी घरी गेला. पण एक रुग्ण बरा होतो त्यात डॉक्टर, सिस्टर, प्रयोगशाळा, घरचे अन्न आणि वेळेवर मिळालेली जीप, सगळ्यांचा वाटा असतो. आपल्या रुग्णालयाइतक्या खाटांमध्ये एका माणसाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

आरोग्यसेवेचा दर्जा कसा पाहावा यावर १९६६ मध्ये अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी जी मांडणी केली, ती आजही वापरतात. तीन गोष्टी पाहायच्या: साधनसामग्री काय आहे, काम कसे होते, आणि त्यातून काय साधले. एकाच टोकाकडे पाहिले तर फसगत होते. फार्मासिस्टच्या कामासाठीही म्हणूनच एक साधन पुरत नाही. मी तीन साधने एकत्र धरते.

पहिले साधन: सोबत राहून पाहणे

वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या सांगितल्या. माणसाला माहीत आहे का. ते कसे वापरायचे हे कळते का. समोर करून दाखवता येते का. आणि रोजच्या कामात तो ते खरोखर करतो का. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोचते. चौथी पायरी पाहायची तर वॉर्डातच जावे लागते.

त्यासाठी कौशल्यांचे आराखडे तयार झाले आहेत. फार्मासिस्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफआयपीने, २०१२ मध्ये असा एक आराखडा दिला आणि २०२० मध्ये तो सुधारला. त्यात लोकांचे आरोग्य, रुग्णाची औषधसेवा, विभागाची व्यवस्था आणि व्यक्तीची वागणूक अशा गटांत काम वाटले आहे. इंग्लंडमधील "जनरल लेव्हल फ्रेमवर्क" हा आराखडा रोजच्या वापराला अधिक सोपा आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे शेकड्यात गुण देत नाहीत. काम योग्य रीतीने किती वेळा होते, एवढेच लिहितात: क्वचित, कधीकधी, बहुधा, नेहमी.

पद्धत अशी. अनुभवी फार्मासिस्ट अर्धा दिवस सोबत फिरतो, मध्ये बोलत नाही. आधीच्या औषधांची चौकशी झाली का, अ‍ॅलर्जी विचारली का, डोस तपासला का, डॉक्टरांना सांगताना कारण दिले का, सांगितलेले लिहून ठेवले का, हे पाहतो. मग दोघे बसतात. आधी काम करणारा स्वतःविषयी सांगतो, मग पाहणारा आपल्या खुणा दाखवतो, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय सुधारायचे ते दोघे मिळून ठरवतात. या बोलण्याशिवाय तो आराखडा म्हणजे नुसता फॉर्म आहे.

मात्र परदेशातला आराखडा जसाच्या तसा आणून चालत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यानेही इंग्लंडचा आराखडा आपल्या रुग्णालयांसाठी बदलून घेतला. आपल्याला तर बदलावाच लागेल. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. मिरगीच्या किंवा सिकलसेलच्या रुग्णाला एक महिन्याच्या गोळ्या देऊन "पुढच्या महिन्यात या" असे सांगणे म्हणजे उपचार तिथेच तोडणे. म्हणून आमच्या यादीत आम्ही एक ओळ घातली आहे: "कामाला बाहेरगावी कधी जाणार, हे विचारले का?" दुसरी ओळ: "रुग्णाच्या बोलीत, किंवा ती बोलणाऱ्या माणसामार्फत सांगितले का?"

या साधनाची मर्यादाही सांगायला हवी. कोणी पाहत असले की माणूस जास्त नीट वागतो. म्हणून पाहणी एकदाच करून भागत नाही, आणि तिच्या जोडीला दुसरे साधन लागते.

दुसरे साधन: नोंदवही

फार्मासिस्टला औषधोपचारात जी अडचण दिसते, ती प्रत्येक वेळी पाच रकान्यांत लिहायची. अडचण काय होती, कारण काय, फार्मासिस्टने काय केले, सुचवलेले स्वीकारले गेले का, आणि शेवटी अडचण सुटली का. ही विभागणी युरोपातील पीसीएनई या फार्मसी-सेवा गटाची आहे. १९९९ पासून तिच्या सुधारित आवृत्त्या निघत आल्या आहेत. प्रत्येक रकान्याला ठरलेले संकेत असल्यामुळे दोन वेगळ्या माणसांच्या वह्या शेजारी ठेवून वाचता येतात.

वही भरली म्हणजे काम चांगले, असे मात्र नाही. सोप्या सोप्या सूचना करणाऱ्याची वही जाड होते, आणि त्याच्या जवळजवळ सगळ्या सूचना स्वीकारल्याही जातात. "सिरपची बाटली हलवून घ्यावी" याला कोण नाही म्हणेल? जो अवघड प्रश्न विचारतो, त्याला नकारही येतात. म्हणून प्रत्येक नोंदीचे वजन पाहावे लागते. अमेरिकेतील एका राष्ट्रीय समन्वय परिषदेने औषधविषयक चुकांसाठी नऊ पायऱ्या केल्या आहेत. चूक होऊ शकेल अशी परिस्थिती होती, इथपासून सुरुवात. मग चूक झाली पण रुग्णापर्यंत पोचली नाही, पोचली पण अपाय झाला नाही, अपाय झाला, आणि शेवटची पायरी मृत्यूची. ही मोजपट्टी हाताशी असली की, पकडलेली चूक सुटली असती तर कुठवर गेली असती, याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज स्वतः फार्मासिस्टने बांधू नये. आम्ही नोंदींतून काही पाने नाव झाकून बाहेरच्या एका डॉक्टरांना वाचायला देणार आहोत.

आणखी एक गोष्ट कार्यकारिणीपुढे मी आग्रहाने मांडणार आहे. फार्मासिस्टचे काम खरोखर चांगले असेल, तर काही काळाने नोंदी कमी होतील. मुलांच्या वॉर्डात वजनाप्रमाणे डोसाचा तक्ता भिंतीवर लागला, नव्या डॉक्टरांना तो दाखवला गेला, की डोसाच्या चुका मुळातच घटतात. त्या वेळी "आता काम राहिले नाही" असे म्हणून पद काढले, तर जे यश मिळाले त्याचीच शिक्षा होईल. म्हणून फक्त एकूण आकडा पाहू नये. कोणत्या प्रकारच्या चुका थांबल्या आणि कशामुळे, ते पाहावे.

औषधाचा अपाय दिसला तर त्याची नोंद याच वहीत येते, पण तेवढ्यावर थांबत नाही. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. अपाय त्या औषधानेच झाला का, हे ठरवायला १९८१ ची नारांजो मोजपट्टी वापरतात. तिच्यात दहा प्रश्न आहेत: औषध आधी सुरू झाले की त्रास आधी, औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का, त्रासाचे दुसरे कारण संभवते का, वगैरे. उत्तरांच्या बेरजेवरून "निश्चित", "बहुधा", "शक्य" किंवा "शंकास्पद" ठरते. ही मोजपट्टी औषधासाठी आहे, माणसासाठी नाही. पण फार्मासिस्टने ती नीट भरली का, अहवाल पुढे पाठवला का, हे पाहिले की त्याची चिकाटी कळते.

तिसरे साधन: रुग्णालाच विचारणे

माझ्या मते आपल्यासारख्या रुग्णालयासाठी हे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे, आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत.

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यांतील औषधवापर तपासण्यासाठी काही साधे निर्देशक दिले. त्यांतले काही चिठ्ठीविषयी आहेत: एका भेटीत सरासरी किती औषधे लिहिली, किती जणांना प्रतिजैविक दिले, किती जणांना इंजेक्शन. काही रुग्णाच्या सेवेविषयी आहेत: औषध देताना किती वेळ दिला, लिहिलेल्यांपैकी किती औषधे खरोखर मिळाली, पाकिटावर रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि केव्हा घ्यायचे हे लिहिले होते का, आणि रुग्णाला आपला डोस बरोबर सांगता आला का. हा शेवटचा निर्देशक काढायला एक माणूस, एक कागद आणि फाटकापाशी एक बाक पुरतो.

पण विचारण्याची रीत जपावी लागते. "समजले का?" असे विचारले की आपला रुग्ण मान हलवतो. डॉक्टरांसमोर, सिस्टरसमोर, पांढऱ्या कोटासमोर "नाही समजले" म्हणणे त्याला संकोचाचे वाटते. म्हणून पाकीट त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "ही गोळी तू घरी कशी घेशील, ते मला सांग." मग खरे काय ते कळते. "बारा-बारा तासांनी" हे शब्द ज्या घरात घड्याळ नाही तिथे पोचत नाहीत. "जेवणानंतर" म्हटले तर, दिवसातून किती वेळा जेवण होते हे आधी विचारावे लागते. "तीन वेळा" लिहिलेली गोळी दोन वेळाच चूल पेटणाऱ्या घरात दोन वेळाच घेतली जाते. पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढला, आणि प्रत्येकापुढे तितक्या गोळ्या रंगवल्या, तर न वाचणाऱ्यालाही कळते.

हे प्रश्न फार्मासिस्टने स्वतः विचारायचे नाहीत. नाहीतर तो स्वतःच स्वतःचा परीक्षक होतो. आमच्याकडे पावरी आणि भिली बोलणारी आरोग्यसेविका फाटकापाशी बसते. तिचा औषध विभागाशी संबंध नाही. समजा, तिने शंभर जणांना विचारले आणि साठ जणांनी डोस बरोबर सांगितला. तर उरलेल्या चाळिसांच्या औषधाचा खर्च आपण केला, पण उपचार त्यांच्या घरापर्यंत पोचल्याची खात्री नाही. कोणते चाळीस, हे पाहिले की पुढचा मार्ग दिसतो: बहुतेक जण चार-पाच औषधे असलेले आहेत का, दूरच्या पाड्यांवरचे आहेत का, संध्याकाळच्या गर्दीत आलेले आहेत का? पुढच्या भेटीला उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर सांगणे आणि घेणे यांतले अंतरही कळते.

मोजणे न्यायाचे असावे

या तिन्हींच्या जोडीला सिस्टर आणि डॉक्टरांचे मत घ्यावे, नावे न लिहिता. रात्री अकराला फोन केला तर उत्तर मिळते का, सूचना अपमान न करता दिली जाते का, हे त्यांनाच ठाऊक असते.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. नोंदवहीतल्या चुकांवरून कोणाचा पगार कापला गेला किंवा कोणाला सर्वांसमोर बोलणी खावी लागली, तर दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहील. चुका संपणार नाहीत, दिसेनाशा होतील. तसेच एकाच माणसाकडे वॉर्ड, खिडकी आणि गोदाम तिन्ही दिली, आणि मग समजावून सांगायला वेळ का दिला नाही असे विचारले, तर ते मूल्यमापन त्याचे नाही, आपल्या व्यवस्थेचे आहे. कागदावर तसेच लिहावे.

दुर्गम भागातली चांगली माणसे केवळ पगारासाठी सोडून जात नाहीत. आपण काय करतो हे कोणाला दिसत नाही, याचाही त्यांना कंटाळा येतो. नीट मोजणे म्हणजे दिसणे.

आमची मोजणी सुरू झाली आहे. वर्षाअखेर कार्यकारिणीपुढे तिन्ही साधनांची पाने ठेवली जातील, चांगली आणि वाईट दोन्ही. तोवर आपण रुग्णालयात आलात, तर किती गोळ्या वाटल्या हे विचारू नका. या तीन गोष्टी विचारा: गेल्या महिन्यात कोणती चूक रुग्णापर्यंत पोचण्याआधी पकडली? ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले? आणि काल घरी गेलेल्या रुग्णाला आपली गोळी केव्हा घ्यायची ते सांगता आले का?

तिसऱ्या प्रश्नासाठी माझ्याकडे येण्याचीही गरज नाही. फाटकापाशी एखादी आजी पिशवी घेऊन जीपची वाट पाहत बसलेली असेल. तिला विचारा.